आधी दुसऱ्याच्या संस्थेत पावत्या लावा

प्रश्न थोडक्यात असा. चोपडा तालुक्यातले एक गृहस्थ, वय ३८, पुण्यात सप्लाय चेनमध्ये १४ वर्षं, त्यातली सध्याच्या कंपनीत चार वर्षं तीन महिने. वाकडला फ्लॅट, हप्ता ३३ हजार, मुलगी सहावीत, पत्नी खासगी शाळेत शिक्षिका. गावी आईवडील आणि सहा एकर केळी. ‘ताई, हल्ली सोमवारी सकाळी एक्सेल उघडलं की छातीत धडधडतं. नोकरी सोडून सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी मुलांसाठी स्वतःची संस्था काढायची आहे. पाच वर्षांचा आराखडा तयार आहे. आमच्या कंपनीचा सीएसआर (समाजकामासाठीचा निधी) मिळेल असं साहेब म्हणतात. उडी मारू का?’

भाऊ, अशा प्रश्नाला ‘शेवटी निर्णय तुमचाच’ म्हणून सुटता येतं. मी सुटत नाही. नोकरी सोडायची तर सोडा, नऊ महिन्यांनी सोडा (नऊच का, ते पुढे येईल), पण संस्था काढू नका. निदान पहिली तीन वर्षं तरी नको. आधीपासून चालू असलेल्या एखाद्या संस्थेत, तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि शिक्षणाने कमी असलेल्या माणसाच्या हाताखाली, पगार घेऊन काम करा.

मी कुठून बोलतेय तेही सांगते. चाकणच्या एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी १३ वर्षं परचेसला होते. २०११ मध्ये, ३६ व्या वर्षी, सोडलं. शेवटचा पगार हातात ९२ हजार यायचा. नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याकडच्या संस्थेत १८ हजारांवर लागले. पण माझे यजमान अनुदानित महाविद्यालयात प्राध्यापक आहेत आणि तेव्हा नुकताच सहावा वेतन आयोग लागला होता. घर त्यांच्या पगारावर चालत होतं. ही गोष्ट गाळून ‘मी सगळं सोडून आले’ असं सांगणारे व्याख्यानात टाळ्या घेतात आणि ऐकणाऱ्या पोराचं नुकसान करतात. मी ९२ हजार सोडले, पण माझ्या घरचा गॅस एक दिवसही बंद पडला नाही.

माझं माहेर अमळनेर. तिथलं पोर दोन गोष्टी ऐकतच मोठं होतं. एक साने गुरुजींची: १९२४ पासून प्रताप हायस्कुलात शिकवलं आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. दुसरी विप्रोची: २९ डिसेंबर १९४५ ला आमच्या गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि तिचे शेअर ज्यांनी ट्रंकेत ठेवून दिले त्यांची नातवंडं आज सुखात आहेत. (आमच्या घरी ट्रंक होती, शेअर नव्हते.) या दोन्ही गोष्टींनी माझं डोकं बरंच बिघडवलं, हे मला फार उशिरा कळलं. पहिलीमुळे वाटायचं की समाजाचं काम म्हणजे त्याग, आणि त्याग केलेल्या माणसाला कुणी प्रश्न विचारायचे नसतात. दुसरीमुळे वाटायचं की गावातलं छोटं काम नीट लावून दिलं की ते आपोआप जगभर वाढतं. सातपुड्यात दोन्ही चालत नाही. गुरुजींना किंवा विप्रोला मी काही म्हणत नाही, त्यांच्या गोष्टींवर वाढलेल्या आम्हा लोकांना म्हणतेय.

त्यागाच्या भाषेचा तोटा तुम्हाला पहिल्याच वर्षी दिसेल. ज्याने ९२ हजार सोडले त्याला वाटतं, आपल्या शब्दाला वजन असायला हवं. शेजारी १२ हजारांवर दहा वर्षं राबणारा कार्यकर्ता बसलेला असतो. त्याने काहीच ‘सोडलेलं’ नसतं, कारण सोडायला होतंच काय? मग बैठकीत बोलतो कोण आणि मान हलवतो कोण? मी पहिले आठ महिने बोलले. एका बैठकीनंतर आमच्या संस्थेच्या वरिष्ठ कार्यकर्तीने, पावरा समाजातली बाई, शिक्षण आठवीपर्यंत, पदाने माझी साहेब, मला चहाला बोलावलं आणि विचारलं, ‘ताई, तुम्ही पुण्यात पण असंच सगळ्यांच्या आधी बोलायच्या?’ मी म्हटलं, हो. ती म्हणाली, ‘मग तिथे दुसऱ्यांना कामं कशी समजायची?’ टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आता पावत्यांची गोष्ट. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, धडगावकडे पाड्यावर नेतील. माझ्यापुढे प्लॅस्टिकची मोठी पिशवी ठेवली: सहा महिन्यांच्या पावत्या. एसटीची तिकिटं, डिझेलची बिलं, किराणा, मुलांच्या वह्या, एका कार्यक्रमाच्या मांडवाची कच्ची चिठ्ठी, आणि पावसात भिजून पुसलेले बरेच कागद. ‘तुम्ही परचेसला होता ना? हे लावून द्या.’ मला राग आला. मी एवढं शिकून, एवढं सोडून इथे हे करायला आले का? तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत संस्था जेवढी कळली तेवढी पुढच्या वर्षभर पाडे फिरून कळली नसती. गाडी कुठे जाते आणि कुठे कधीच जात नाही, कोणता कार्यकर्ता खिशातून खर्च करून मागायला लाजतो, देणगीदाराला दाखवलेलं प्रशिक्षण खरंच दोन दिवसांचं होतं की दीड, सगळं पावत्यांत असतं. तिकिटांवरून मला दिसलं की एका पाड्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत आमचं कुणी पोचलंच नव्हतं, आणि अहवालात तर तिथे दर महिन्याची भेट होती. अहवाल लिहिणारा खोटारडा नव्हता. अहवालाच्या तक्त्यात ‘पोचलो नाही’ असा रकानाच नव्हता.

कॉर्पोरेटमधून आलेल्या माणसाची इथे गरज कुठे असते, तर अशा ठिकाणी. दूरदृष्टीचे कागद करणारे आमच्याकडे पुरेसे आहेत. नाहीत ते वेळेवर हिशेब करणारे, तीन ठिकाणचे भाव मागवणारे, साठा नोंदवही भरणारे, देणगीदाराला उपयोगिता प्रमाणपत्र तारखेच्या आत पाठवणारे. तुम्ही सप्लाय चेनचे आहात. मुदत संपत आलेली औषधं, उंदरांनी फोडलेली मटकीची पोती, दोन वाटांपैकी कोणती पावसात चालू राहते, ही तुमची खाती. आराखडा तूर्त बाजूला ठेवा.

संस्था का काढू नका, याची आधी कोरडी कारणं देते, कारण ती कुणी सांगत नाही. तुमचे साहेब सीएसआर देतो म्हणतात ते मनापासून म्हणत असतील. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे. पण बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचा तर त्या संस्थेकडे १२ए आणि ८०जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) हवं, सीएसआर-१ ची नोंदणी हवी, आणि तशाच कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव हवा. उद्या नोंदवलेल्या तुमच्या संस्थेला साहेबांनी मनात आणलं तरी तीन वर्षं पैसे देता येणार नाहीत. परदेशी देणगीचं तसंच: एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीसाठी तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या काळात मुख्य कामावर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. शिवाय कायद्यात कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असं आहे. मोठे कारखाने चाकण, तळेगाव, रांजणगावला, म्हणून पैसाही तिकडेच फिरतो. अक्कलकुव्याच्या परिसरात कोणता कारखाना आहे? तेव्हा पहिली तीन वर्षं तुमची संस्था चालणार तुमच्या पीएफवर आणि मित्रांच्या वाढदिवसाच्या देणग्यांवर. मी चार जणांना असं करताना पाहिलंय. एक टिकला, आणि तो टिकला कारण त्याच्या सासऱ्यांचं दाल मिलचं काम होतं.

दुसरं कारण कार्यालयीन. सोसायटी काढायची तर सात जण लागतात. मग धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, घटना, दरवर्षी ऑडिट, आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. पहिली दोन वर्षं तुम्ही मुलांपेक्षा धुळ्या-जळगावच्या कार्यालयांतल्या बाकांवर जास्त बसाल. सात जणांत तुम्ही, वहिनी, मेहुणा, दोन मित्र आणि दोन ‘गावातले प्रतिष्ठित’ असाल. पाचव्या वर्षी प्रतिष्ठितांचं आणि तुमचं वाजेल. यावर एवढं पुरे.

खरं कारण वेगळं आहे. इथल्या वर्षाची चाल तुम्हाला माहीत नाही. तुमच्या आराखड्यात तिमाही उद्दिष्टं असणारच. नंदुरबारच्या डोंगरातलं वर्ष तिमाहीने चालत नाही. आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपत येतं. त्याच दिवसांत मुकादम (मजुरांचा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. दिवाळी झाली की ती उचल फेडायला माणसं पोराबाळांसकट गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. काही जण खाली तुमच्या-माझ्या भागात कापसाला, केळीला येतात. पाड्यावर राहतात म्हातारी माणसं, बकऱ्या आणि सांभाळायला ठेवलेली एखाद-दुसरी पोरं. होळीला मात्र माणूस कुठेही असो, परत येतो. आधी भोंगऱ्याचे बाजार (होळीआधीच्या जत्रा), मग होळी. त्या आठवड्यात तुम्ही ‘माता बैठक’ ठेवलीत तर त्या बैठकीला तुम्ही एकटे असता. मी ठेवली होती.

आणि देणगीदाराचं वर्ष ३१ मार्चला संपतं. जानेवारी ते मार्च हे त्यांचे खर्चाचे आणि आकड्यांचे महिने, आणि नेमके त्याच महिन्यांत आमची गावं रिकामी. नव्या माणसाचे तीन मार्च या पेचातच जातात. माझ्या पहिल्या मार्चमध्ये मी एक लाख चाळीस हजारांचं प्रशिक्षण साहित्य घेऊन ठेवलं, खर्च ‘बसावा’ म्हणून. परचेसवालीच ती, भाव उत्तम पाडून घेतला. त्यातले फ्लिपचार्ट अजून माळ्यावर आहेत. चौथ्या वर्षी कुठे देणगीदाराला तोंडावर सांगायचं धाडस आलं की तुमचे पैसे जूनमध्ये द्या, ऑक्टोबरपर्यंत काम दाखवते, पुढचं हंगाम बघून. काहींनी ऐकलं.

आता त्या बाईंचीच, माझ्या साहेबांची, दुसरी एक गोष्ट. मुलाच्या दंडाला पट्टी लावतात. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की ते तीव्र कुपोषित, आमच्या बोलण्यात ‘सॅम’. असं मूल आजारीही असेल तर त्याला आईसकट साधारण १४ दिवस पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवायचं असतं. आईला बुडीत मजुरी मिळते, जेवण मिळतं. तरी आया जात नव्हत्या, गेल्या तर चौथ्या दिवशी पळून येत. माझं कंपनीतलं डोकं म्हणालं: सोय आहे, मागणी नाही, म्हणजे जनजागृती कमी पडते. मी गाणी, फलक, पावरी बोलीतून ध्वनिफीत असा बेत बांधला. बाईंनी ऐकून घेतलं. मग मला एका घरी नेलं आणि त्या आईला विचारलं, ‘तू गेलीस तर बकऱ्या कोण बघील?’ बकऱ्या सात होत्या. नवरा गुजरातेत. मोठी पोरगी नऊ वर्षांची, तिच्या कडेवर आणखी एक. चौदा दिवसांत एक बकरी कोल्ह्या-बिबट्याने नेली तर बुडीत मजुरीत ती येते का? बाईंनी शेजारणीशी बोलून बकऱ्या तिच्या कळपात घातल्या आणि बदल्यात शेजारणीच्या भाताच्या लावणीला दोन दिवस हात द्यायचं ठरवून दिलं. खर्च शून्य. ती आई १४ दिवस राहिली. माझा जनजागृतीचा बेत फाइलमध्ये आहे, वाचायला छान आहे.

यात मी गेल्याने काय फरक पडला, असं तुम्ही विचाराल. बकऱ्यांचा प्रश्न बाईंना ठाऊकच होता, त्यांनी तो असा पाच-सहा घरी सोडवलाही होता. पण तो कुठे लिहिलेला नव्हता आणि त्याला पैसे मागायची सोय नव्हती. मी पुढच्या प्रस्तावात ‘जनावरांची सोय’ अशी ओळ घातली, शेजारणीला दिवसाला थोडा मेहनताना, आणि देणगीदार कंपनीतल्या पोराशी तासभर भांडून ती मंजूर करून घेतली. ते भांडण मात्र मला जमत होतं. तेरा वर्षं भावासाठी भांडण्यातच गेली होती.

शहाद्याचा इतिहासही याच अंगाने बघा. १९७१-७२ मध्ये इथे आदिवासींच्या बळकावलेल्या जमिनींवरून मोठं आंदोलन उभं राहिलं. बाहेरून शिकलेले तरुण आले, त्यांनी नोकऱ्या, शिक्षणं सोडली, श्रमिक संघटना उभी राहिली. पण ते आले तेव्हा काम सुरू होतं. भिल्ल समाजातले अंबरसिंग सुरतवंती लोकांना आधीच जमवत होते. पाहुणे चालत्या गाड्याला हात लावायला आले. किंवा साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. चैत्राम पवारांनी गावाला धरून जंगल राखलं, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्या कामाला तीस वर्षं होऊन गेली होती. त्यांच्या वनभाजी महोत्सवाला जरूर जा. जाऊन रानभाज्या खा, आणि तुमचा पाच वर्षांचा आराखडा त्या दिवशी घरी ठेवा.

आता एक अवघड गोष्ट. तुम्ही लिहिलंय की चोपड्याचे असल्याने ‘लोक आपलेच आहेत’. भाऊ, तुमच्या सहा एकरांत केळीचे घड कापायला, वाहायला कोण येतं? बहुतेक पायथ्याच्या पाड्यांवरची पावरा, भिल्ल, तडवी माणसं येत असतील. त्यांच्या लेखी तुम्ही समाजसेवक व्हायच्या आधी मालकाचे पोरगे आहात. त्यांची उचल तुमच्या वडिलांच्या वहीत असेल. मी अमळनेरची, मला वाटायचं आपण अहिराणी बोललो की जवळीक होईल. धडगावच्या बाजारात अहिराणी ही दुकानदाराची, सावकाराची भाषा म्हणूनही ऐकलेली असते, हे मला तिथल्या बायकांच्या गप्प बसण्यावरून कळलं. पावरी शिकायला मला दोन वर्षं लागली आणि अजून पोरं हसतात. म्हणून म्हणते, आपल्याच तालुक्यात पहिलं काम सुरू करू नका. किंवा करायचंच असेल तर पहिलं काम घरचं: वडिलांशी मजुरी आणि उचलीच्या वहीवरून बोलणं. हे ऐकून दोघांनी मला परत फोन केला नाही. तिसरा वडिलांशी बोलला. चार महिने घरात अबोला होता. आज तो माझ्या ओळखीतल्या सगळ्यांत भरवशाच्या कार्यकर्त्यांपैकी आहे, आणि त्यांच्या शेतात मजुरी दर शनिवारी रोख मिळते.

पैशाचं बोलू. नऊ महिने यासाठी की ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. तुमची चार वर्षं तीन महिने झाली आहेत. मूळ पगार ७० हजार धरला तर १५ दिवसांच्या हिशेबाने पाच वर्षांचे दोन लाखांच्या वर होतात. ते कंपनीला सोडून येणं हा त्याग नव्हे, गबाळेपणा आहे. पीएफ मोडू नका. त्यातल्या पेन्शनच्या हिश्श्याला तुमची दहा वर्षं होऊन गेली आहेत, तेव्हा योजना प्रमाणपत्र घेऊन ठेवा, ५८ व्या वर्षी कामाला येईल. नव्या संस्थेत पीएफ असेलच असं धरू नका, २० पेक्षा कमी माणसं असली तर तो बंधनकारक नसतो. आरोग्यविमा राजीनाम्याच्या आधी स्वतःचा काढा, आजच काढा. कंपनीचा विमा शेवटच्या दिवशी संपतो आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. घड्याळ जितकं लवकर चालू होईल तितकं बरं. वाकडचा फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या. भाड्यात पूर्ण हप्ता बसणार नाही, वरचे सात-आठ हजार कुठून येणार ते आधी कागदावर मांडा.

आणि पगार मागा. इथे तुमच्यासारख्याला आज संस्थेच्या ऐपतीप्रमाणे ३० ते ५० हजार मिळू शकतात, माझ्या पाहण्यात. ‘मला काही नको’ असं म्हणणारा माणूस संस्थेला महागात पडतो. तो कधी येईल, कधी जाईल, त्याला काही विचारता येत नाही, आणि त्याच्याकडे बघून देणगीदार म्हणतो, मग इतरांना कशाला द्यायचे? फुकट काम करणाऱ्या श्रीमंत स्वयंसेवकांनी इथल्या मुलींचे पगार खाली ठेवलेत, हे माझं ठाम मत आहे. पटणार नाही बऱ्याच जणांना.

संस्था निवडताना दोन-तीन गोष्टी बघा. मागच्या तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब मागा. देत नसतील तर चहा पिऊन निघा. विश्वस्तांची आडनावं वाचा, सगळी एकच असली तर ती संस्था नव्हे, घर आहे. गेल्या वर्षी पगार कोणत्या तारखेला झाले, हे संचालकाला विचारू नका, ड्रायव्हरला विचारा. मी मधे दीड वर्ष दुसऱ्या एका संस्थेत होते. तिथे कागदावर २५ हजार घ्यायचे आणि दहा हजार ‘देणगी’ म्हणून परत द्यायचे असा रिवाज होता. सगळे करतात, असं सांगितलं गेलं. सगळे करत नाहीत. पण मी तिथे पाच महिने सही केली, हेही खरं, आणि सोडताना गप्प सोडलं.

घरच्यांचं राहिलं. मी सोडलं त्या वर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले तर वडील ओट्यावर बसून होते. म्हणाले, ‘नोकरी सोडी दिन्ही. आते लोकेसले काय सांगू मी?’ मी मोठं भाषण दिलं, समाज, ऋण वगैरे. ते ऐकून उठून आत गेले. दोन वर्षांनी त्यांना डोंगरात नेलं. अंगणवाडी, पट्टी, पाडा दाखवला. त्यांना त्यातलं काही फार भिडलं असं वाटलं नाही. परतताना एका घरी आमचूरसाठी कैऱ्यांच्या फोडी वाळत घातल्या होत्या, तिथे ते अर्धा तास त्या म्हाताऱ्याशी भावाबद्दल बोलत बसले: व्यापारी काय देतो, मोलगीला काय, शहाद्याला काय. त्यानंतर लोकांना ते सांगायला लागले, ‘पोर आमचूरनं काम करस.’ मी आमचुराचं काम कधीच केलं नाही. मी दुरुस्त केलं नाही.

वहिनींबद्दल तुमच्या पत्रात एवढंच आहे की ‘तिचा पाठिंबा आहे’. पाठिंबा म्हणजे काय, ते त्यांना एकटं बसून विचारा, मुलगी झोपल्यावर. त्या वाकडला राहणार का? मुलीची शाळा बदलणार का? त्यांची नोकरी खासगी शाळेतली, शहाद्याला तसा पगार नाही. तुमच्या आईवडिलांचं दुखणं-खुपणं आता ‘तू जवळ आहेस’ म्हणून कुणाच्या अंगावर येणार? पुण्याहून गावाकडे परतणाऱ्या पुरुषाचा निर्णय बहुतेक वेळा सून म्हणून बाई निस्तरते. त्या ‘नाही’ म्हणाल्या तर पुण्यातही संस्था आहेत, त्यांनाही पावत्या लावणारी माणसं हवीच असतात. आणि ती छातीतली धडधड डॉक्टरला दाखवा. ती समाजकार्याची हाक असेलच असं नाही. कदाचित फक्त साहेब बदलायची गरज असेल.

या नऊ महिन्यांत एकदा या. पण दिवाळीनंतर गुलाबी थंडीत तोरणमाळ बघायला येतात तसे नको. श्रावणात या, रजा टाकून आठ दिवस. चांदसैली घाटात दरड आली असली तर तळोद्याकडून न येता शहाद्यावरून धडगावची एसटी धरा, सकाळची, दुपारचीचा भरवसा नाही. छत्री आणू नका, वरच्या वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट आणि दोन जोड चपला आणा. जेवण आम्ही जे खातो ते, म्हणजे भाकरी, उडदाची डाळ आणि मिरची. लॅपटॉप आणलात तर बरं, त्यात टॅली असलं तर फारच बरं. एप्रिलपासूनच्या पिशव्या तशाच पडल्या आहेत.